आकाशातल्या नावाची कुळी कशी काढावी

सुरुवात गच्चीवर करू नका. आधी पोरांना घेऊन कोल्हापूरच्या टाऊन हॉलला जा.

सीपीआर दवाखान्यासमोरच्या बागेतल्या त्या जुन्या दगडी इमारतीत आपलं वस्तुसंग्रहालय आहे. तिथं ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे, पोसायडनची. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५च्या आसपास ब्राँझच्या इतर वस्तूंसोबत ती सापडली. सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाऱ्यांचा माल कोकणच्या बंदरांत उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. त्याच वाटेनं हा देवही करवीरात पोचला. मी पोरांना मूर्तीपुढं उभं करते आणि एवढंच सांगते, "ह्याचं नाव लक्षात ठेवा. रात्री गच्चीवर हा परत भेटणार आहे."

मी ३१ वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर गल्लीतली पोरं जमवायला लागले. पहिल्याच हिवाळ्यात तिसरीतल्या एका पोरानं विचारलं, "आज्जी, ग्रहांना ग्रीक देवांचीच नावं का? आपल्या देवांची का न्हाईत?" मी पटकन म्हणाले, "त्यांनी शोधले म्हणून." रात्री अंथरुणावर पडले आणि उत्तर टोचायला लागलं. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी कुणीच शोधलेले नाहीत. डोळे असलेल्या प्रत्येक माणसाला ते दिसतातच. मग नाव कुठून आलं? तेव्हापासून मी एकेका नावाची कुळी काढत बसते. ती कशी काढायची, ते इथं लिहिते.

सामान फार लागत नाही. एक शंभर पानी वही, टॉर्चला लाल जिलेटीन कागद रबरबँडनं बांधलेला, बसायला घोंगडं. जमली तर १० बाय ५०ची दुर्बीण, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायची ती साधी. मोजपट्टी हातातच असते. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश झाकले जातात. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा उत्तरेच्या क्षितिजावर पावणेदोन मुठींवर सापडतो. गुऱ्हाळांचा हंगाम असला की चुलवाणांच्या, म्हणजे गूळ शिजवायच्या भट्ट्यांच्या, धुरामुळं कधीकधी तो तेवढ्या उंचीवरही पुसट होतो.

वहीत एका नावाला एक पान. पानावर सगळ्यात आधी पोरानं स्वतः काय पाहिलं ते लिहायचं. मगच हे नाव कुणी दिलं, का दिलं, आणि त्याच गोष्टीला दुसरीकडं काय म्हणतात, हे भरायचं. हा क्रम मी कधीही मोडत नाही. नाव आधी सांगितलं की पोरं आकाश बघायचं सोडून नाव पाठ करतात.

ग्रहांपासून सुरू करा, आणि पोरांना आधी त्यांची स्वतःची नावं ठेवू द्या. मंगळ दाखवला तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्याच पोरानं वहीत लिहिलं, "इस्त्रीतला निखारा". आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरतो. मी वही बाजूला ठेवून त्याला सांगितलं, "बाळा, आपल्याकडं मंगळाचं एक जुनं नाव अंगारक आहे. अंगार म्हणजे निखारा." ग्रीकांनीही आधी हेच केलं होतं. मंगळाला ते पायरोइस म्हणायचे, म्हणजे आगीसारखा. बुधाला स्टिल्बॉन, लखलखणारा. शुक्राला तर दोन नावं होती. पहाटेचा फॉस्फोरस म्हणजे प्रकाश आणणारा, आणि संध्याकाळचा हेस्पेरस. आपण शनीला शनैश्चर म्हणतो, हळू चालणारा, तीही डोळ्यांनी पाहूनच दिलेली ओळख आहे.

देव नंतर आले, आणि ते ग्रीसमध्ये जन्मलेले नव्हते. बाबिलोनच्या लोकांनी प्रत्येक ग्रह एकेका देवाला दिला होता. गुरू मर्दुकचा, शुक्र इश्तारचा, मंगळ नेर्गलचा. मर्दुक बाबिलोनचा मुख्य देव, म्हणून ग्रीकांनी त्याच्या जागी आपला मुख्य देव झ्यूस बसवला. इश्तारच्या जागी आफ्रोडायटी, युद्ध आणि मृत्यूच्या नेर्गलच्या जागी एरीज. रोमनांनी त्यावर आपल्या देवांची नावं घातली: ज्युपिटर, व्हीनस, मार्स. पुस्तकात "ग्रीक नाव" म्हणून जे छापलेलं असतं ते बहुतेक वेळा रोमन नाव असतं, आणि त्याखाली ग्रीक, त्याखाली बाबिलोनी. पानावर तिन्ही एकाखाली एक लिहा. खणताना थर लागतात ना ब्रह्मपुरीला, तसेच.

इथं भावकी सांगायला विसरू नका. रोमन गोष्टीत मार्सचा बाप ज्युपिटर, ज्युपिटरचा बाप सॅटर्न. म्हणजे मंगळ, मग गुरू, मग शनी. सूर्यापासून लांब जाऊ तशी एकेक पिढी मागं. आपल्याकडं शनी सूर्याचा मुलगा आणि मंगळ भूमीचा. दोन्ही वंशावळी एकत्र केल्या की पोरांचा गोंधळ उडतो, म्हणून मी त्या समोरासमोरच्या दोन पानांवर काढायला लावते.

ही भावकी माहीत असली की युरेनसचं नाव आपोआप उलगडतं. १३ मार्च १७८१ला विल्यम हर्शेलनं हा ग्रह पाहिला. तो इंग्लंडमध्ये बाथ गावात चर्चचा ऑर्गन वाजवणारा संगीतकार, दुर्बिणी स्वतः घासून बनवायचा. आधी त्याला तो धूमकेतूच वाटला. त्यानं राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव सुचवलं. फ्रान्सच्या लालांदनं म्हटलं, शोधणाऱ्याचंच नाव द्या, हर्शेल. जर्मनीच्या बोडेनं वंशावळ पुढं चालवली: शनीच्या पलीकडचा, तर शनीचा बाप, युरेनस. तेच नाव शेवटी टिकलं. इंग्रजांच्या नौकानयनाच्या पंचांगात मात्र १८५०पर्यंत जॉर्जचंच नाव छापलं जात होतं. युरेनियम हे मूलद्रव्य १७८९ साली सापडलं, त्याचं नावही ह्याच ग्रहावरून.

आता घरातली कुणाचीही पत्रिका काढा. त्यात काय लिहिलंय? हर्षल! जगानं सोडून दिलेलं लालांदचं नाव आपल्या मराठी पंचांगांनी आणि पत्रिकांनी आजवर सांभाळलं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. बाथच्या त्या ऑर्गनवाल्याचं नाव महाद्वार रोडवरच्या दुकानातल्या पंचांगात सापडतं, आणि विकत घेणाऱ्या कुणाला त्याचा पत्ता नसतो.

इथंच माझी एक चूक सांगून टाकते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. वर्गात कित्येक वर्षं मी "युरेनस म्हणजे वरुण" असं शिकवत आले. उच्चार जवळचे, म्हणून डोक्यात तसंच बसलं होतं. एका मुलीनं नववीत उभं राहून म्हटलं, "बाई, वरुण तर पाण्याचा देव, मग तो नेपच्यून पाहिजे." तिचं बरोबर होतं. मराठीत युरेनसला प्रजापती म्हणतात आणि नेपच्यूनला वरुण. एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या भाषापंडितांनीही ग्रीक उरानोस आणि आपला वरुण एकच, असं मांडलं होतं. आज बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. नुसत्या कानाला सारखं वाटतंय म्हणून कुळी जोडायची नाही, हे मी तिच्याकडून शिकले.

आता टाऊन हॉलमधला देव बाहेर काढा. रोमनांनी पोसायडनला आपल्या नेपच्यूनशी जोडलं. २३ सप्टेंबर १८४६ला बर्लिनमध्ये गाल्लेनं, फ्रान्सच्या ल व्हेरिएनं गणितानं सांगितलेल्या जागेजवळ दुर्बीण रोखली आणि नवा ग्रह दिसला. गाल्लेला जेनस नाव आवडलं होतं. ल व्हेरिएनं आधी नेपच्यून म्हटलं, मग स्वतःचंच नाव द्यावं असं त्याच्या मनात आलं. वर्ष संपता संपता नेपच्यून ठरलं. हा ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळं गच्चीवर पोरं नाराज होतात. त्यांना सांगते, थांबा, पोसायडनचा राग तर दिसतोय.

डिसेंबरच्या मध्यावर रात्री आठला उत्तरेकडं तोंड करा. ध्रुवताऱ्याच्या वर, क्षितिजापासून साडेचार-पाच मुठींवर, पाच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे दिसतील. ही कॅसिओपिया, आपली शर्मिष्ठा. ती इथिओपियाची राणी. तिनं बढाई मारली की मी (काही गोष्टींत म्हणे माझी मुलगी) समुद्रातल्या नेरीड जलकन्यांहून सुंदर आहे. पोसायडन चिडला. त्यानं किनाऱ्यावर राक्षसी जलचर सोडला, तो दक्षिणेच्या बाजूला पसरलेला तिमिंगल. शांत करायला राजा सेफिअसनं मुलगी अँड्रोमेडा खडकाला बांधली. पर्सियस हा वीर मेड्युसा राक्षसीचं मुंडकं घेऊन आला आणि त्यानं तिला सोडवलं. ह्या वेळेला ही सगळी माणसं एकदम आकाशात असतात. सेफिअस वायव्येला खाली, अँड्रोमेडा जवळजवळ डोक्यावर, पर्सियस ईशान्येला. घोंगड्यावर उताणं पडून बोटानं दाखवत गोष्ट सांगायची. बसून सांगितली तर मान दुखते आणि गोष्ट अर्धीच राहते.

मराठीत ह्यांना वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती म्हणतात. आपल्या २७ नक्षत्रांत ह्यातलं एकही नाव नाही. पण ज्या कुणी ही नावं बसवली, त्यानं राजघराण्याला राजघराणंच दिलं. पर्सियस-अँड्रोमेडा नवराबायको, तसे ययाती-देवयानी. बाकी नाती मात्र जुळत नाहीत. कॅसिओपिया अँड्रोमेडाची आई. शर्मिष्ठा देवयानीची सवत. म्हणून एका रात्री एकच गोष्ट सांगा. मी एकदा दोन्ही सलग सांगितल्या, आणि आईनंच मुलीची सवत कशी होईल ह्यावर पोरं अर्धा तास भांडली.

आता मी जिथं सगळ्यात जास्त वेळ घालवते ते. पोसायडननं कॅसिओपियाला मेल्यावरही सोडलं नाही. ध्रुवाजवळ खुर्चीत बसवली, अशी की ती कधी विसाव्याला जात नाही आणि निम्मा वेळ डोकं खाली करून लटकते. ही गोष्ट कुठल्या आकाशाला शोभते, ते बघा. अथेन्स ३८ अक्षांशावर. तिथून आज कॅसिओपिया कधीच मावळत नाही, ध्रुवाभोवती फिरत राहते, वर असताना एम आणि खाली गेल्यावर डब्ल्यू. कोल्हापुरात ध्रुवतारा पावणेदोन मुठींवर, म्हणून ती खाली जाताना सरळ क्षितिजाआड जाते. डब्ल्यू झालेली ती आपल्याला दिसतच नाही. मी हे वहीत काढून दाखवलं तेव्हा इस्त्रीतला निखारावाला म्हणाला, "म्हणजे कोल्हापुरात तिची शिक्षा माफ!"

सप्तर्षींचंही तेच. ग्रीकांना तिथं अस्वल दिसायचं. कॅलिस्टो नावाची मुलगी, तिचं अस्वल झालं, आकाशात गेली, तरी झ्यूसच्या बायकोचा राग गेला नाही. तिनं समुद्राच्या देवांना सांगितलं, हिला तुमच्यात कधी अंघोळ करू देऊ नका. म्हणजे ती मावळायची नाही. आमच्या गच्चीवरून डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी शोधा, सापडणार नाहीत, ते क्षितिजाखाली असतात. गोष्ट खोटी ठरत नाही. ती ज्या गावची आहे त्या गावचं आकाश तिच्यात आहे. उलट अगस्त्य बघा. फेब्रुवारीत दक्षिणेला दोन मुठींवर ठसठशीत दिसतो, आणि अथेन्समधून तो क्षितिजाच्या वरच येत नाही. तो दक्षिणेला गेलेल्या ऋषीची गोष्ट आपल्याकडं का रुजली, हे पोरांना मग वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक पानावर "ही गोष्ट कुठून दिसते" असा एक रकाना ठेवा.

कॅलिस्टो आकाशात आणखी एकदा आहे. ज्या वर्षी गुरू संध्याकाळी वर असेल, तेव्हा दुर्बीण धरून दोन्ही कोपर कठड्यावर टेकवून बघा. हात हलला तर काही दिसत नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत दोन, तीन, कधी चार ठिपके दिसतील. तीन रात्री ओळीनं वहीत काढायला लावा. जागा बदललेल्या पाहून पोरं स्वतःच म्हणतात, "हे फिरतायत की!" ७ जानेवारी १६१०ला गॅलिलिओनं हेच पाहिलं. त्यानं त्यांना मेदिची घराण्याचं नाव दिलं, कारण त्याला त्या दरबारी आश्रय हवा होता. आज चालतात ती आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो ही नावं सायमन मारिउसनं १६१४ साली छापली, आणि त्याला ती कल्पना केप्लरनं सुचवली होती. पण लगेच कुणी वापरली नाहीत. विसाव्या शतकापर्यंत लोक त्यांना एक, दोन, तीन, चार असेच आकडे देत होते.

ह्या चौघांना पुस्तकं सर्रास "ज्युपिटरच्या प्रेयसी" म्हणतात. मी म्हणत नाही. आयोची गाय झाली, युरोपाला बैलाच्या रूपात येऊन पळवून नेलं, गॅनिमिड हा मुलगा, त्याला गरुडानं उचलून नेलं, कॅलिस्टोला फसवलं. पोरींच्या समोर ह्याला प्रेम म्हणायचं नाही. "ह्या चौघांना देवानं फसवलं किंवा पळवलं, आणि त्यांची नावं आता त्याच्याभोवती फिरतात," असं सरळ सांगा. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना ते कळतं. एका पोरीनं त्या पानावर ज्युपिटरपेक्षा कॅलिस्टो मोठी काढली होती. मी दुरुस्त केली नाही.

शनीच्या चंद्रांना १८४७ साली जॉन हर्शेलनं, म्हणजे विल्यमच्या मुलानं, शनीच्या भाऊबंदांची, टायटन आणि राक्षसांची नावं दिली. रीआ, टेथिस, डायोनी, आयापेटस. ही नावं कुळीतून थेट येतात, एका पानात उरकतात.

मंगळाचं पान मात्र पोरांना सगळ्यात आवडतं, कारण त्यात त्यांच्या वयाची एक पोर आहे. ऑगस्ट १८७७मध्ये अमेरिकेत आसाफ हॉलनं मंगळाचे दोन चंद्र शोधले. इंग्लंडच्या ईटन शाळेतले एक शिक्षक हेन्री मदान, त्यांनी नावं सुचवली फोबोस आणि डायमोस, भीती आणि दहशत. युद्धदेवाबरोबर जाणारी ही दोघं होमरच्या काव्यातली. त्यानंतर ५३ वर्षांनी, १४ मार्च १९३०च्या सकाळी ऑक्सफर्डमध्ये फाल्कनर मदान नाश्त्याच्या टेबलावर पेपर वाचत होते. नवा ग्रह सापडल्याची बातमी होती. ११ वर्षांची नात व्हेनिशिया बर्नी म्हणाली, प्लूटो का ठेवू नये? लांब, अंधारात असलेला, पाताळाचा देव. आजोबांनी ते एका खगोलशास्त्रज्ञाला कळवलं, तिथून तार अमेरिकेला गेली, आणि १ मेला नाव जाहीर झालं. हेन्री आणि फाल्कनर सख्खे भाऊ. एकाच घरानं मंगळाचे चंद्र आणि प्लूटो ह्यांचं बारसं केलं! प्लूटो २००६पासून बटुग्रह धरला जातो, तरी नाव तिचंच आहे.

ताऱ्यांची नावं काढताना ग्रीकांवर थांबू नका. इसवी सन १५०च्या सुमाराला अलेक्झांड्रियात टॉलेमीनं ४८ तारकासमूह लिहून ठेवले, आणि ते ग्रंथ अरबांनी जपले. म्हणून आकृत्या ग्रीक आणि ताऱ्यांची नावं अरबी, असं सारखं सापडेल. पर्सियसच्या हातातल्या मेड्युसाच्या मुंडक्यातला तारा अलगोल, अरबीत रास अल्-घूल, राक्षसाचं डोकं. तो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो, वहीत तीन आठवडे नोंद ठेवली की पोरांना पकडता येतो. मृगातला काक्षी म्हणजे बेटलज्यूस. तो शब्द अरबीतल्या "यद" म्हणजे हात ह्यावरून आला, आणि लॅटिनमध्ये उतरवताना कुणीतरी य-चा ब वाचला. एका अक्षराची चूक शेकडो वर्षं आकाशात राहिली आहे.

आणि आपल्याकडं? पोरांना विचारा, वर्तुळाच्या मधोमध काय असतं. केंद्र. हा शब्द ग्रीक केंट्रॉनवरून संस्कृत ज्योतिषात आला. ज्योतिषातला होरा हाही ग्रीक. वराहमिहिरानं मंगळाला "आर" आणि शनीला "कोण" असंही म्हटलंय, म्हणजे एरीज आणि क्रोनॉस. "आपल्या देवांची का न्हाईत" ह्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. नावं प्रवास करत होती, ब्रह्मपुरीच्या त्या मूर्तीसारखी.

दोन-तीन महिने वही चालली की एक अमावास्या मसाई पठारावर घालवा. पन्हाळ्याच्या पुढं गेलं की शहराचा उजेड मागं राहतो. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर, कानटोपी घ्या, पोरांच्या खिशात गुळाचे खडे द्या. आधी देवयानीतली दीर्घिका शोधा, नुसत्या डोळ्यांना धुरकट डाग दिसतो, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा. मग दक्षिणेकडं वळा, चार मुठींवर. तिथं ग्रीक कुणी नाही. १७५१-५२मध्ये फ्रान्सचा लाकाय आफ्रिकेच्या दक्षिण टोकावर बसून दक्षिणेचं आकाश मोजत होता, आणि त्यानं रिकाम्या जागांना देव न देता आपल्या काळातली अवजारं दिली. दुर्बीण, घड्याळ, हवेचा पंप. चार मुठींवर जी मंद चांदणी दिसते ती त्याची भट्टी, रसायनशाळेतली.

गेल्या जानेवारीत तो इस्त्रीतला निखारावाला पोरगा बराच वेळ तिकडं बघत बसला होता. लाल टॉर्च धरून त्यानं नवीन पान उघडलं, तारे काढले, मला विचारून "लाकाय" आणि "१७५१" लिहिलं, "ही गोष्ट कुठून दिसते" ह्या रकान्यात "मसाई" लिहिलं, आणि अगदी वर, स्वतःच्या नावाच्या जागी, "चुलवाण".